साडेआठची नोंद

पिंपरी-चिंचवडचा नोव्हेंबर एका वाक्यात सांगता येत नाही. आळंदीची कार्तिकी यात्रा एखाद्या वर्षी धुक्यातून चालते, एखाद्या वर्षी छत्र्या उघडून. फर्स्ट शिफ्टच्या बसची वाट बघणारे कामगार सोमवारी स्वेटर-कानटोपीत दिसतात आणि त्याच आठवड्यात गुरुवारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. दुपारी तीस अंशांच्या आसपास असलेला पारा पहाटे पंधराच्या खाली येतो, आणि नेमकी थंडीची सवय होते तोवर आभाळ भरून येतं.

चिंचवडमध्ये राहणारे एक निवृत्त टूलमेकर हा महिना वर्षानुवर्षं वहीत उतरवत आले आहेत. सकाळी साडेआठला ते गच्चीवर जातात. रात्रीचं किमान तापमान, आदल्या दुपारचं कमाल, मापकात साठलेला पाऊस, वाऱ्याची दिशा आणि ढग एवढं लिहितात आणि खाली येतात. साडेआठची वेळ त्यांनी हवामान खात्याकडून घेतली. खातं दिवसाचा पाऊस आदल्या सकाळच्या साडेआठपासून मोजतं. म्हणून अकरा तारखेच्या संध्याकाळी कोसळलेली सर बारा तारखेच्या नोंदीत जाते. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’. भुरभुर झाली तर आकडा लिहायचा, पण पावसाच्या दिवसांत तो दिवस धरायचा नाही.

ही शिस्त लागण्याआधी हवामान त्यांच्या घरात होतंच. बालपण चाकणजवळच्या गावात गेलं. चाकणला आज जग गाड्यांच्या कारखान्यांमुळे ओळखतं. तेव्हा नाव होतं ते कांद्याच्या बाजाराचं. घरी कांद्याची रोपं असत आणि कार्तिकातलं मळभ म्हणजे काळजी. दोन-चार दिवस ऊन पडलं नाही, पातीवर ओल राहिली, की करपा येतो. वडील पहाटे उठून आधी आभाळ बघत, मग चहा घेत. पश्चिमेला मावळात त्याच सुमारास भाताची कापणी चाललेली असे. कापून खाचरात पसरलेल्या भातावर एक जोराची सर आली तरी वर्षाचं धान्य भिजतं. त्या पट्ट्यात हवामानावर बोलणं म्हणजे घरखर्चावर बोलणं होतं.

आकड्यांची ओढ मात्र कारखान्यात लागली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते पिंपरीच्या एका टूलरूममध्ये कामाला लागले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग एकामागून एक शेड उभ्या राहत गेलेला हा परिसर. टूलरूमशेजारी काचेची स्टँडर्ड रूम होती. आत कायम २० अंश सेल्सिअस. लांबी मोजण्याचं प्रमाण तापमान म्हणून २० अंश हा आकडा १९३१ पासून जगभर मान्य आहे. कारण साधं आहे: एक मीटर पोलाद एका अंशाने तापलं की सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. शेडमध्ये तीस अंशांवर मोजलेला शंभर मिलिमीटरचा तुकडा स्टँडर्ड रूममध्ये नेऊन निवू दिला, तर अकरा-बारा मायक्रॉनने आखूड भरतो. मायक्रॉनचा हिशेब करणाऱ्या माणसाला हा फरक सोडून देता येत नाही. तापमान न लिहिता लिहिलेलं माप अपुरं, हे तिथे त्यांच्या अंगी मुरलं. पुढे घरासाठी त्यांनी कमाल-किमान तापमापक आणि पर्जन्यमापक घेतला.

आपण ज्या कामात हात घातला ते काम पंधरा-वीस किलोमीटरवर किती आधीपासून चालू आहे, हे त्यांना वाचता वाचता कळत गेलं. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, तरी उपकरणांचं आणि संशोधनाचं काम पुण्यात राहिलं. १९४८ मध्ये अ‍ॅना मणी इथल्या उपकरण विभागात रुजू झाल्या. परदेशातून येणारी उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची ड्रॉइंग प्रमाणित करून घेतली. आयुष्यभर ड्रॉइंगवरून काम केलेल्या माणसाला त्या कामाचं मोल लगेच समजतं.

त्यांना सर्वांत जवळचे वाटतात ते मात्र एल. ए. रामदास. पुण्यात १९३२ मध्ये कृषी-हवामानशास्त्राचं काम सुरू झालं ते त्यांच्या नेतृत्वाखाली. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी एक चकित करणारी गोष्ट प्रसिद्ध केली. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. म्हणजे सर्वांत गार थर जमिनीला चिकटून असायला हवा. प्रत्यक्षात उघड्या मातीवर तो काही वेळा जमिनीच्या थोडा वर, वीत-दोन वीत उंचीवर सापडला. परदेशातल्या तज्ज्ञांना सुरुवातीला हे पटलं नाही. पुढे अनेक ठिकाणी तेच दिसलं आणि ‘रामदास थर’ हे नाव जगाच्या शास्त्रात रुजलं. त्याची कारणं शोधण्याचं काम भारतीय शास्त्रज्ञांनी पुढे कित्येक दशकं केलं. हा थर दिसायला वारा पडलेली, ढग नसलेली, कोरड्या हवेची रात्र हवी, आणि अशा रात्री आपला नोव्हेंबर भरपूर देतो. कांद्याच्या रोपाची उंचीही जवळपास तेवढीच. वडील कुठल्याही पुस्तकाशिवाय सांगत की गारवा पातीला आधी कळतो. पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी त्याच उंचीवरची हवा मोजून दाखवली होती.

वहीतली सगळ्यांत भरलेली पानं अवकाळीची आहेत. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं आणि घाट ओलांडून ढग इथवर पोचले. २०२१ मध्ये नोव्हेंबर संपता संपता आभाळ आलं आणि डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत गार पावसाने जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उघड्यावर बसवलेल्या मेंढ्या शेकड्यांनी दगावल्या. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर राज्यात अनेक ठिकाणी गारपीट झाली. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली गेला. आठवडाभरात बंगालच्या उपसागरातल्या ‘फेंजल’ वादळामागून आलेल्या ढगांनी थंडी पार पळवली. उत्तरेचा कोरडा वारा आणि समुद्रावरची ओल यांची या महिन्यात अशी ओढाताण चालते. रात्री ढग असले की जमिनीची उष्णता अडते, किमान तापमान चढतं; दिवसा तेच ढग ऊन अडवतात, कमाल उतरतं. दोन्ही आकडे जवळ येताना दिसले की ते घरात सांगतात, “आज वाळवण बाहेर ठेवू नका.”

टीव्हीवर ‘पुणे’ म्हणून सांगितला जाणारा आकडा बहुधा शिवाजीनगरचा असतो. तिथे शेतकी कॉलेजची मोकळी जमीन शेजारी आहे. चिंचवडच्या स्वयंचलित केंद्रावरचं किमान तापमान हिवाळ्यात बहुतेक वेळा त्याहून काही अंशांनी जास्त असतं. दिवसभर तापलेलं काँक्रीट, डांबर आणि पत्र्याच्या शेड रात्री ती उष्णता सोडत राहतात. त्यांच्या गच्चीभोवतीही पूर्वी पेरूची झाडं होती, आता उंच इमारती आहेत. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर असतो. गच्चीवरचा आकडा त्या तोडीचा नाही, हे ते स्वतःच सांगतात. पण एकाच जागी, एकाच वेळी घेतलेल्या नोंदी एकमेकींशी ताडून बघता येतात.

त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये आहे. रंगाच्या बूथमध्ये तापमान आणि आर्द्रता बारा महिने ठरलेल्या मर्यादेत ठेवावी लागते. बाहेर मात्र तळवडे-चाकण रस्त्यावर थंडीच्या सकाळी धूर वर न जाता खालीच कोंडतो, कारण वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ प्रकल्पात भोसरी, निगडी आणि आळंदीला हवा मोजणारी केंद्रं बसवली, ती याच हवेसाठी. बूथमधल्या हवेवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या या पट्ट्यात कामगाराच्या श्वासातल्या हवेकडेही तितकंच काटेकोर लक्ष हवं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एवढं गणित पाचवीतलं मूल करतं. पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक शाळेत, चाकण-खेडच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत एक पर्जन्यमापक, एक कमाल-किमान तापमापक आणि एक वही असावी. खर्च किरकोळ आहे. ज्यांच्याकडे गच्ची किंवा अंगण आहे त्यांनी या नोव्हेंबरपासूनच सुरुवात करावी: जागा बदलू नये, वेळ चुकवू नये, आणि जो दिवस हुकला त्याचा रकाना अंदाजाने न भरता कोरा ठेवावा.