डोंबिवली ते बीकेसी : कानांवर हात!

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हे मुळात विमानातलं अपत्य. १९७८ साली डॉ. अमर बोस झुरिकहून बोस्टनला निघाले होते. विमानात मिळालेला हेडफोन त्यांनी कानाला लावला, तर इंजिनाच्या घरघरीत गाणं काही धड ऐकू येईना. एमआयटीचा प्राध्यापक माणूस, त्यात वडील कोलकात्याचे. गप्प बसतील तर शपथ! ही घरघर खोडून कशी काढायची, याचं गणित त्यांनी तिथेच सीटवर बसल्या बसल्या मांडायला घेतलं. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट आला १९८९मध्ये आणि तुमच्याआमच्यासाठीचा ‘क्वाएटकम्फर्ट’ २०००मध्ये. कल्पना तशी त्याहून जुनी. पॉल लुएग या जर्मन संशोधकाला आवाजानेच आवाज मारायच्या युक्तीचं अमेरिकन पेटंट १९३६मध्येच मिळालं होतं.

सांगायचं काय, तर ही वस्तू जन्मली तासन्‌तास एकाच सुरात घुमणाऱ्या इंजिनासाठी. आणि आपण ती घालून चढतो कुठे? सकाळी सव्वाआठच्या सुमाराला, डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये, लेडीज डब्यात.

तीन आठवडे मी हा उद्योग केला. दर आठवड्याला एक हेडफोन, सोमवार ते शुक्रवार, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत. एक माझा स्वतःचा, एक ऑफिसातल्या मैत्रिणीचा जाम महागडा आणि एक मामेभावाचा, ऑनलाइन सेलमध्ये पटकावलेला. त्यांची नावं मुद्दामच सांगत नाही. कारण तीन आठवड्यांनंतर माझं मत असं झालंय की कंपनीपेक्षा तुमचा रस्ता, तुमचं डोकं आणि तुमचा चष्मा जास्त महत्त्वाचा.

भजन, सून आणि झुमके

आधी लोकल. बटण दाबलं की पहिला धक्का सुखद असतो. पंख्यांची घरघर, मोटरची गुणगुण, चाकांचा खालचा गडगडाट, सगळ्यावर कुणीतरी जाड रजई टाकल्यासारखं होतं. आपल्याला रोज एवढा आवाज सोसावा लागतो हे तो गेल्यावरच कळतं. दिवा मागे पडेपर्यंत मी खूश होते.

मग लक्षात आलं की समोरच्या दोघींचं सुनेबद्दलचं बोलणं आता फारच स्वच्छ ऐकू येतंय! पूर्वी ते गाडीच्या आवाजात बुडायचं. मागच्या बाजूला भजनाचा ग्रुप होता, त्यांच्या झांजा तर थेट कानात.

यात बिघाड काही नाही, यंत्राचा स्वभावच तसा आहे. हेडफोनवरचा छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतून त्याच्या बरोबर उलटी लहर सोडतो, दोन्ही एकमेकांना खातात. हे जमतं खर्जातल्या, सतत एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला. टाळी, शिट्टी, झांज, भांड्याचा ठणका यांना अडवायचं काम उरतं ते फक्त कानावरच्या गादीवर. माणसाचा आवाज दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. थोडक्यात काय, गाडी गप्प होते आणि बायका बोलत राहतात. हळू आवाजात एखादं गाणं लावलं, की मग त्याही विरघळतात.

फायदा खरा कुठे आहे, तर तो याच हळू आवाजात. साधे इअरफोन घातलेल्या पोरींचं गाणं गाडीत मला चार जणी पलीकडून ऐकू येतं, म्हणजे त्यांच्या कानात काय वाजत असेल! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो; ९० डेसिबलला हीच मुदत ४ तासांवर येते. डोंबिवली ते कुर्ला पाऊण तास, येऊन-जाऊन दीड. पाच दिवसांचे झाले साडेसात तास. करा हिशेब. गाडीची घरघर गेली की माझं काम निम्म्या व्हॉल्यूममध्ये भागतं. माझ्या मते पैसे द्यायचे ते यासाठी. बाकीचं सगळं कौतुक नंतर.

आता कानातल्यांचा प्रश्न. लेडीज डब्यात दोन स्टेशनांमागे एक कानातलीवाली येते. तिच्याकडून घेतलेले लांब झुमके आणि हेडफोन यांचं हाडवैर आहे. झुमका गादीखाली सापडला की जबड्यावर रुततो, शिवाय गादी कानाभोवती घट्ट बसत नाही. फट राहिली की बाहेरची घरघर सरळ आत. चष्म्याच्या जाड दांडीचं तेच आणि अंबाड्याचंही. दारात उभ्या असाल तर आणखी एक गंमत. वारा थेट माइकवर आपटतो आणि कानात भलताच गडगडाट सुरू होतो. दारात कॅन्सलेशन बंद केलेलंच बरं. खरं तर दारात हेडफोनच नको. मागून ‘उतरना है क्या’ विचारणाऱ्या बाईला उत्तर मिळालं नाही तर पुढचं संभाषण कुठल्याही हेडफोनला अडवता येत नाही.

कुर्ला : इथे कान उघडे

कुर्ला स्टेशनवर हेडफोन गळ्यात. यावर चर्चा नाही. मेन आणि हार्बर, दोन्हींकडची गर्दी एकाच पुलावर, प्लॅटफॉर्म ऐन वेळी बदलल्याची घोषणा, आणि शॉर्टकट म्हणून रुळांत उतरणारे महाभाग. रूळ ओलांडणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली गुन्हा आहे, पण कान बंद करून रूळ ओलांडणाऱ्याला कायद्याआधी गाडी गाठते. मागून येणाऱ्या गाडीचा खर्जातला आवाज मारण्यासाठीच हे यंत्र बनलंय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड आता बहुतेक हेडफोनवर असतो. पण तो माइकमधून गाळून आलेला आवाज. हाक नेमकी डावीकडून आली की मागून, याचा अंदाज मला त्यात उघड्या कानासारखा येत नाही.

पश्चिमेला बाहेर पडलं की बीकेसीसाठी शेअर रिक्षा. इथे हॉर्नचं राज्य. मुंबई पोलिसांनी शहरातल्या काही सिग्नलांवर केलेला प्रयोग आठवतोय ना? हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी गिनती पुन्हा पहिल्यापासून! कल्पना झक्कास होती. रिक्षात हेडफोन इंजिनाची फटफट बरीचशी खातो, हॉर्नपुढे मात्र हात टेकतो.

काचेच्या पेटीत आठ तास

बीकेसीला ऑफिसात शिरलं आणि वाटलं, हां, आता ही वस्तू आपल्या माहेरी आली. एसीचा एकसुरी घुमणारा आवाज, सर्व्हर रूमची भणभण, बंद काचा. विमानच म्हणा ना. इथे तिन्ही हेडफोन पास. फरक पडला तो आरामात.

साधं वजन बघा. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५०. म्हणजे एक डोक्यावर पाव किलो भेंडी, तर दुसरा जवळजवळ दीडपट. दुकानात दोन मिनिटं घालून बघताना यातलं काही कळत नाही. मैत्रिणीचा महागडा हेडफोन जड होता. पहिला तास राजेशाही, जेवणाच्या सुट्टीपर्यंत टाळूवर नाण्याएवढा एक ठिपका दुखायला लागायचा, चार वाजता मान. मामेभावाचा वजनाला अगदी हलका, पण पकड चिमट्यासारखी आणि वाट्या लहान. माझ्या चष्म्याची दांडी त्याने कानामागे अशी दाबली, की दीड तासात डोकं ठणकलं. माझा मधला. पाव किलोच्या आतबाहेर, वाटी खोल, म्हणजे कानाची पाळी आतल्या जाळीला टेकत नाही. हे खोलीचं प्रकरण जाहिरातीत कुणी सांगत नाही. गादी कितीही मऊ असो, कान आत टेकला की तासाभरात गरम होऊन लाल.

मुंबईच्या हवेत रेक्झिनसारख्या गादीखाली घाम येणारच. एसीत कळत नाही, ऑक्टोबरात कुर्ल्याच्या पुलावर कळतं. कापडी गादी गार राहते, पण आवाज कमी अडवते. मी रेक्झिनवरच आहे, दर संध्याकाळी सुक्या रुमालाने पुसते. तरी दोन-तीन वर्षांत पापुद्रे निघणार हे धरून चालायचं, म्हणून सुट्या गाद्या मिळतात का ते आधी विचारायचं.

काही जणांना कॅन्सलेशन लावलं की खंडाळ्याचा घाट उतरताना बसतात तसे कानात दडे बसल्यासारखं वाटतं. हवेचा दाब खरं तर बदललेला नसतो, पण वाटतं हे खरं. माझ्या शेजारणीला दहा मिनिटांत मळमळायला लागलं. तिने पैसे घालवू नयेत हे उत्तम. आणि हेडफोन घालून चिवडा खाऊ नका. बंद कानात स्वतःच्या चावण्याचा असा काही आवाज घुमतो, की रस्त्यावर खडी टाकतायत असं वाटतं.

एक गोष्ट मात्र मोजायला गेले नव्हते, ती दिसली. आमच्या रांगेत आम्ही अकरा जण. साडेअकरापर्यंत आठ कानांवर वाट्या चढलेल्या असतात. जूनमध्ये लागलेला एक नवा मुलगा शेजारच्या रांगेतल्या सीनियरकडे काहीतरी विचारायला आला. तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, हेडफोन बघितला, परत गेला. अर्ध्या तासाने पुन्हा आला, पुन्हा परत. शेवटी त्याने तिला चॅटवर विचारलं, सहा फुटांवरून. चहाची हाकसुद्धा हल्ली चॅटवरच येते. कामात डोकं घालायला शांतता हवी हे मला शंभर टक्के मान्य आहे, पण आमच्याकडे नव्या माणसाला काम येतं ते शेजारच्याचं बोलणं कानावर पडून. मी स्वतः तशीच शिकले. हा विषय चहाला निघाला आणि ठरलं, की हेडफोन गळ्यात असेल तर खुशाल विचारा. आणि बारा ते एक सगळ्यांचेच गळ्यात. पहिल्या दिवशी ऑफिस मासळीबाजार झालं. आता तो मुलगा बारा वाजता वही घेऊन हजर असतो.

घ्यायला निघालात तर

सोनी, बोसची वरची मॉडेल्स घ्यायची तर एका फटक्यात वीस हजारांच्या पुढे. म्हणून दुकानात लाजू नका. रोजचा चष्मा, रोजचे केस, रोजची कानातली, असंच जा आणि निदान वीस मिनिटं हेडफोन घालून हिंडा. सेल्समन कंटाळेल, कंटाळू दे. ऑनलाइन घेत असाल तर परत करायच्या अटी आधी वाचा. बॅटरीची फार चिंता नको. चांगल्या हेडफोनची २४ ते ३० तास पुरते, मला तिसऱ्या दिवशी चार्ज करावा लागतो. लॅपटॉप आणि फोन, दोन्हींना एकाच वेळी जोडता येतो का, हे मात्र बघाच. आणि घडी होते का, हेही. सोनीने एक्सएम५ची घडी बंद केली आणि २०२५च्या एक्सएम६ला ती पुन्हा आणली. चौथ्या सीटवर अर्धंच टेकून, मांडीवर डबा आणि पर्स सांभाळत बसलेल्या बाईला ती का हवी असते, हे कुणीतरी त्यांना सांगितलं असावं!

पावसाचं राहिलंच. यातल्या बहुतेकांना पाण्यापासून संरक्षणाचं कसलंही रेटिंग नसतं. जून ते सप्टेंबर माझा हेडफोन कुर्ल्याला उतरायच्या आधीच झिपलॉकच्या पिशवीत जातो. आणि पिशवी डब्याच्या शेजारी नाही, वेगळ्या कप्प्यात. आमटी सांडते.