काल गाडीला हात कोणी लावला?

मराठी विभागासाठी लेख दे म्हणून मित्राने गळ घातली तेव्हा मी हसलोच. कॉन्व्हेंटमध्ये दहावीपर्यंत मराठीत जेमतेम पास होणारा मुलगा मी! पण ही गोष्ट इंग्रजीत लिहायला बसलो तर जमेना. तिच्यातले सगळे महत्त्वाचे शब्द मामांचे आणि मिस्त्रींचे आहेत.

नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे आणि वर घर. माल पोचवायला २००४ सालचा डिझेल पिकअप. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. अकरा वर्षं झाली, दुकानात सगळेच त्यांना मामा म्हणतात. गाडी जुन्या पद्धतीची, साध्या मेकॅनिकल पंपाची. आजच्या बीएस-६ गाडीला स्कॅनर लावला की निदान फॉल्ट कोड तरी दिसतो. हिचं दुखणं कानाने, नाकाने आणि अंदाजाने ओळखायचं.

गेल्या वर्षी कोजागिरीच्या आधीची गोष्ट. कोजागिरीला सोलापुरातून लोकांच्या रांगाच्या रांगा चालत तुळजापूरला जातात. रस्ता माणसांनी भरायच्या आत तिथल्या दुकानदारांचा माल पोचला पाहिजे, म्हणून गाडी रात्रीच भरून ठेवली होती. पहाटे साडेपाचला मामांनी सेल्फ मारला. इंजिन झकास फिरतंय, पण गाडी स्टार्ट होईना. पुन्हा मारला. पुन्हा तेच. गल्लीतली कुत्री उठली, गाडी काही उठेना!

पप्पा खाली आले. "मामा, डिझेल आहे का?"

"कालच वीस लिटर टाकलोय की."

डिझेलचा काटा बंद पडून वर्ष झालेलं. पप्पा जरा थांबून म्हणाले, "टाकलं होतं, का काढलं कुणी?" 'कुणी' म्हणताना ते मामांकडेच बघत होते. मामा काही बोलले नाहीत. टाकीचं झाकण उघडून त्यांनी आत काठी घातली आणि ओली काठी पप्पांसमोर धरली. "मग भेसळीचं भरलं असणार, स्वस्तातलं," असं म्हणून पप्पा फोन आणायला वर गेले.

मी म्हणालो, "थांबा मामा, मी बघतो." थर्ड इयर मेकॅनिकल ना आपण!

आता थोडी थिअरी, मित्रांनो. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीत आऊग्सबुर्गला जे इंजिन यशस्वी करून दाखवलं त्याची युक्तीच ही, की हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटलं पाहिजे. म्हणजे इंजिन जोरात फिरतंय आणि गाडी उठत नाही, तर पहिला प्रश्न असा की डिझेल आत पोचतंय का? मी मामांना सेल्फ मारायला सांगून सायलेन्सरपाशी बसलो. डिझेल पोचून नुसतं जळत नसेल तर पांढरा धूर येतो. इथे धूरच नाही. म्हणजे डिझेल पोचतच नव्हतं. मग चावी फिरवून कान लावला. पंपावरच्या सोलेनॉइडचा 'टक्' आवाज आला. म्हणजे तिथे करंट येतोय आणि तो उघडतोय.

इथपर्यंत माझं काम शंभर टक्के बरोबर होतं. टाकीत डिझेल आहे, पंपापुढे येत नाही. मध्ये उरतो पाइप आणि फिल्टर. पण मी काय केलं, तर फ्यूज काढून बघितले. बॅटरीची टोकं घासली. एअर क्लीनरसुद्धा उघडला! यातल्या कशाचीही गरज नाही हे मला कळत होतं. मामा मुकाट्याने टॉर्च धरून उभे होते.

कारण डिझेल फिल्टर आदल्या संध्याकाळी मीच बदलला होता. मजुरी वाचवून पप्पांना चकित करायचं होतं. मामा घरी गेल्यावर बदलला, गाडी चालू करून पाहिली, पहिल्या सेल्फला उठली. दोन मिनिटांनी बंद केली आणि विजयी वीरासारखा वर जाऊन जेवलो.

पप्पांनी मिस्त्रींना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता धूर विचारतील, सोलेनॉइड विचारतील. त्यांनी विचारलं, "काल गाडीला हात कोणी लावला?"

पप्पांनी मामांकडे बघितलं. मामांनी मान हलवली, नाही म्हणून.

"मी," मी म्हणालो. "फिल्टर बदललाय."

"काय करलालास बे!" मिस्त्री फोनवर हसले. "जुन्याचं रबर निघालं का? का वरच चिकटून बसलंय? खोल आणि बघ. एअर धरली असणार."

फिल्टर खोलला. वर जुनं काळं रबर चिकटलेलं, आणि त्याच्यावरच मी नवीन फिल्टर नवीन रबरासकट आवळलेला. दोन रबरं एकावर एक कधी नीट बसत नाहीत. आमच्या गाडीत पंप फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. खाली एक थेंब नव्हता तो त्यामुळेच. रात्रभरात पाइपातलं डिझेल मागे टाकीकडे उतरलं आणि त्याची जागा हवेने घेतली. डिझेल दाबलं तर जवळजवळ दबत नाही, म्हणून ते नोजलची सुई उचलतं, त्यासाठी १५०-२०० बारच्या आसपास दाब लागतो. हवेचा बुडबुडा मात्र स्पंजासारखा दबतो, पंपाचा सगळा जोर तिथेच जिरतो. पुस्तकात हे अर्ध्या ओळीत आहे. मला पेपरात त्याचे पूर्ण मार्क मिळाले होते.

जुनं रबर काढलं. हँड पंप मारत राहिलो तो अंगठ्याखाली टणक लागेपर्यंत. मग मामांनी नोजलकडचे नट थोडे सैल केले, मी सेल्फ मारला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. नट आवळले. पुढच्या सेल्फला गाडी पांढऱ्या धुराचा लोट सोडून उठली. सात वाजून गेले होते.

पप्पा मला बरंच बोलले. मामांना काहीच बोलले नाहीत, म्हणजे बोलायला हवं होतं तेही नाही. मी खिडकीपाशी जाऊन म्हणालो, "सॉरी मामा." हा शब्द आम्हाला केजीपासून शिकवलाय, फार सहज निघतो. ते म्हणाले, "चालतंय की," आणि गियर टाकला.

माल वेळेत पोचला. तेव्हापासून मामा डिझेल भरलं की पंपावरची पावती आणून पप्पांच्या टेबलावर ठेवतात. पूर्वी ठेवत नव्हते. त्यांच्याकडे ती कुणीही मागितलेली नाही.