धोबीपछाड

विद्यार्थ्यांच्या आग्रहाखातर आम्ही दोघे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसलो. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या या खेळात फासा केवळ निकाल देतो. घाव कसा बसला, मंत्राने काय घडले, हे शब्दांनी उभे करावे लागते. मराठीचे अध्यापक म्हणून ते काम आमच्याकडे आले. आम्ही ‘भीषण’, ‘प्रलयंकारी’ अशी विशेषणे उधळली. एकाने शांतपणे विचारले, “पण त्यानं केलं काय, सर?”

आम्ही निरुत्तर झालो. उत्तर सापडले ते शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात. कुस्ती रंगात आली की तिथला निवेदक विशेषणे शोधत बसत नाही. तो डावाचे नाव घेतो, पकड कुठे पडली ते सांगतो, खालचा मल्ल कसा निसटू पाहतो तेही सांगतो. ‘धोबीपछाड’ या एका शब्दात ओढलेला हात, खांद्यावरून फिरलेला देह आणि दगडावर आपटलेले धुणे, सारेच आहे.

पुढच्या डावात आमच्या मांत्रिकाने मूठ उघडली. समोरच्याची ढाल तापली आणि त्याला ती टाकावी लागली. टेबलाभोवती कोणी बोलेना. क्रियापद हा वाक्याचा प्राण, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते आम्हाला कळले मात्र लाल मातीच्या काठावर.