बंदुकीचे कुलूप

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात घरभेटीस गेलो असता परवान्याची बंदूक बैठकीच्या भिंतीवर टांगलेली क्वचित दृष्टीस पडते. रानडुकरे मका फस्त करतात, राखणीस ती हवी, असे घरधनी सांगतात आणि मोठ्या कौतुकाने ती खाली काढून दाखवितात. मुले टकमक पाहात उभी असतात. पाहुण्यास जी वस्तू इतक्या सहज दाखविता येते, ती वडील शेतावर गेले असता मुलांच्याही तितक्याच सहज हाती लागते.

भय केवळ मुलांचेच आहे असेही नाही. १८ डिसेंबर २०२० रोजी आदिलाबाद शहरातील ताटीगुडा वस्तीत मुलांच्या क्रिकेटवरून भांडण जुंपले. नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविलेल्या एका गृहस्थाने आपले परवान्याचे रिव्हॉल्वर रोखून गोळ्या झाडल्या. तिघे जखमी झाले. त्यांपैकी एकाचा पुढे हैदराबादेत मृत्यू झाला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने त्या गृहस्थास जन्मठेप दिली. परवाना खरा होता, शस्त्र कायदेशीर होते. परंतु संताप आणि चाप यांच्यामध्ये काहीच नव्हते. कपाट उघडावयाचे, दुसऱ्या खोलीतून काडतुसे आणावयाची, एवढा विलंब मध्ये पडता, तर कदाचित कोणी शेजाऱ्याने हात धरला असता, असे माझ्या मनात वारंवार येते. कुलूप चोरासाठी लावावयाचे, असे आपण समजतो. बंदुकीचे कुलूप मालकासाठीही असते.

ज्यांचा नित्य व्यवहारच बंदुकीशी, त्या क्रीडा-नेमबाजांची रीत पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. आपण पदक पाहिले; त्यामागील शिस्त कोण पाहतो? नेमबाजीच्या मैदानावर नळीचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही वळवावयाचे नाही. रायफल रिकामी आहे हे सर्वांस दुरून दिसावे म्हणून काडतूस बसते त्या पोकळीत भडक रंगाची पट्टी घालून ठेवतात. जगज्जेत्यासही यातून सूट नाही. आपल्याकडे मात्र, ‘ती रिकामीच आहे हो,’ एवढ्या शब्दावर बंदूक हातोहाती फिरते!

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र व काडतुसे सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराकडून लिहून घेतली जाते. तो कागद परवान्यासोबत गुंडाळून ठेवण्यासाठी नव्हे. बंदूक रिकामी करावी, पोकळी डोळ्यांनी व बोटाने तपासावी, आणि ती भिंतीत वा जमिनीत पक्क्या बसविलेल्या लोखंडी कपाटात ठेवावी. काडतुसांना पेटी निराळी, कुलूप निराळे. किल्ली कॅलेंडरमागे ठेवू नये. ती जागा घरातील धाकट्यासही ठाऊक असते. घरात कोणास दारूचे व्यसन असेल, वा कोणी जिवावर उदार होऊन बोलू लागले असेल, तर किल्ली कोठे आहे याचा विचार त्याच दिवशी व्हावा.

आणखी एक गोष्ट कुटुंबांच्या ध्यानी येत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर शेत वारसास मिळते, तसा परवाना मिळत नाही. ते शस्त्र पेटाऱ्यात तसेच पडू न देता विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे व पावती घ्यावी. मुलास ते हवेच असेल, तर त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा.