कालवांनो, तुमचं पाणी ओळखून

प्रिय कालवांनो,



हे पत्र अकोल्याच्या जुन्या शहरातून लिहितो आहे. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या पलीकडे. आमच्या बाजारात रोहू, कटला, मरळ मिळतात, सुकट आणि झिंगे मिळतात. तुम्ही मात्र दिसत नाही. कोकणात नोकरीला असलेला धाकटा भाऊ हिवाळ्यात घरी येतो तेव्हा बर्फाच्या डब्यातून तुम्हांला घेऊन येतो, तेवढीच आपली गाठभेट. पण त्या गाठभेटींनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. तुम्हांला कुरकुरीत तळणं हे तेल-तिखटाचं काम नाही, ते पाण्याचं काम आहे. तुम्ही कुठल्या पाण्यात वाढलात, पोटात किती पाणी घेऊन आलात आणि कढईत ते किती सोडलंत, एवढ्यावर सगळा पदार्थ ठरतो.

पाण्याची भाषा आम्हां वऱ्हाडकरांना समजते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते खारट. तोंडात धरवत नाही, पिकाला भरवशाने देता येत नाही. आमच्या शहराचं पिण्याचं पाणी महान गावच्या काटेपूर्णा धरणातून येतं आणि नळ कधी येणार यावर घरातली कामं ठरतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी याच जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. ते पाणी गांधीग्रामहून कावडीने, खांद्यावर, रात्रभर पायी चालत आणलं जातं. पाण्यासाठी इतकं चालणाऱ्या गावाने तुमच्याकडे नुसता चविष्ट घास म्हणून पाहू नये, असं मला मनापासून वाटतं.

कारण तुमचं अख्खं आयुष्य पाणी गाळण्यात जातं. जन्मल्यावर दोन-तीन आठवडे तुम्ही पाण्यात तरंगता, मग एखादा खडक, एखादा जुना शिंपला किंवा कांदळवनाचं मूळ गाठून डावी शिंपी त्याला कायमची चिकटवता. त्यानंतर जागा बदलायची सोय नाही. खाडीचं गोडं-खारं पाणी जे येईल ते कल्ल्यांतून ओढायचं, त्यातलं शेवाळ आणि बारीक कण टिपायचे आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडायचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं कालव सगळं मनासारखं असेल तर दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं. आमच्या मोरीत पाणी साठवायला जो निळा ड्रम असतो, तो जवळजवळ भरेल एवढं हे पाणी, आणि ते एकट्या जिवाने गाळलेलं!

तुम्हांला खडकावरून सोडवणं हेही सोपं काम नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत ते बहुतेक बायाच करतात. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडक उघडे पडतात, तेवढ्या वेळात निसरड्या, धारदार कपारींवर वाकून बसायचं, लोखंडी हत्याराने एकेक शिंपी उचकटायची आणि आतला मऊ गोळा न फाटता काढायचा. तुमच्या कडा पात्यासारख्या. बोटं कापल्याशिवाय हंगाम जात नाही. ढीगभर कालवं फोडावीत तेव्हा वाटीभर मांस हाती येतं. महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने २०१७पासून कांदळवन संवर्धनाला जोडून उपजीविकेची योजना चालवली, तिच्यात खेकडापालनाबरोबर कालवंपालनही आहे. खाडीत टांगून वाढवलेली कालवं खरवडायला खडकावर जीव टाकावा लागत नाही, म्हणून ही वाट मला मोलाची वाटते. पण वाटी खडकावरची असो की पाळलेली, ती जास्त शिजवून रबर करून टाकणं म्हणजे त्या हातांचा अपमान आहे.

आता कढईकडे वळतो. तुमच्याबरोबर तुमचंच पाणी डब्यात साठलेलं असतं. ते गाळून वेगळं ठेवावं आणि शिंपीचे कण त्याच पाण्यात हलकेच खंगाळून काढावेत. नळाखाली धरलं की तुमची चव वाहून जाते. उरलेलं पाणी पातळ फडक्यातून गाळून, कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात घालून चांगलं उकळावं. भाकरीबरोबर खायला त्याचं कालवण होतं. तुम्हांला चाळणीत निथळत ठेवावं आणि मग धुतलेल्या सुती पंचावर एकेक सुटं मांडून वरून दुसऱ्या पदराने अलगद टिपावं. पंचावर ओला डाग उमटायचा थांबला की पहिली पायरी जमली.

दुसरी पायरी मिठाची, आणि बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. तुम्ही मुळात खारट. त्यात आधीच मीठ लावून मुरत ठेवलं की तुम्ही पाणी सोडता, पीठ भिजतं आणि कढईत गेल्यावर आवरण गळून पडतं. म्हणून आधी फक्त लसूण, आलं, हळद आणि लाल तिखटाचं घट्ट वाटण बोटभर फासावं. मीठ घालायचं ते कोरड्या पिठात, तेही नेहमीच्या निम्मं.

पीठ आमच्या जवारीचं. यात वऱ्हाडाचा अभिमान आहेच, पण कारणही आहे. गव्हाच्या पिठाला ओल लागली की ते चिवट होतं, थंड झाल्यावर दाताखाली कातड्यासारखं लागतं. ज्वारीत तो चिकटपणा नाही. तिचं आवरण कोरडं राहतं आणि मोडतं. पहिल्यांदा नुसत्या जवारीच्या पिठाचा हलका हात द्यावा आणि पाच मिनिटं थांबावं. तेवढ्यात पीठ उरलीसुरली ओल शोषून घेतं. मग दोन वाट्या जवारीचं पीठ, एक वाटी बारीक रवा, तिखट आणि मीठ एकत्र करून त्यात पुन्हा घोळवावं, हलकं दाबावं आणि जास्तीचं पीठ झटकून टाकावं. कोकणातल्या घरांत रवा असतो, आमच्याकडे जवारी. तुम्हांला दोन्ही मानवतात.

आणि तेल सरकीचं. अकोला कापसाचं गाव आहे. रुई वेगळी झाली की मागे सरकी उरते आणि तिचं तेल निघतं. कच्च्या सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून तेल शुद्ध केलेलंच घ्यावं. त्या तेलाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, ते चांगलं तापतं आणि खाडीचा तुमचा गंध झाकत नाही. कढईत तेल १९० अंशांवर आलं पाहिजे. घरी तापमापक नसेल तर रव्याची चिमूट टाकावी. ती बुडाला न जाता लगेच फुलून वर आली आणि काळी पडली नाही की तेल तयार. पण तुमच्या बाबतीत तापमापक असलेला बरा.

एका वेळी पाच-सहाच सोडावीत. जास्त टाकली की तेल थंड होतं आणि तुम्ही तळली न जाता उकडली जाता. तेलात पडताच तुमच्याभोवती जे बुडबुडे उसळतात ते तुमचंच पाणी वाफ होऊन निघत असतं. ती वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेल आत शिरत नाही. सुरुवातीला चुरचुर मोठी असते, मग ती बारीक होत जाते. पूर्ण थांबली तर समजावं की उशीर झाला. पूर्ण तीन मिनिटं हवीत, कमी नाही. तुमच्या अंगात असणारे व्हिब्रिओसारखे जंतू मारायला सोललेल्या कालवांना १९० अंशांच्या तेलात किमान तीन मिनिटं द्यावी लागतात. अंगावर तेल उडतं, तेव्हा लांब दांड्याचा झारा घ्यावा आणि लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावं. काढल्यावर कागदावर एकावर एक रचू नये, झाकूही नये. जाळीवर सुटं ठेवावं. खाली अडकलेली वाफ पुन्हा पाणी होते आणि सगळी मेहनत मऊ पडते. लिंबू, चिरलेला कांदा, मिरचीचा ठेचा आणि गरम भाकर. कढईपासून ताटापर्यंत जेवढी पावलं कमी, तेवढं बरं.

माझ्या गाववाल्यांना तुमच्या वतीने आणखी काही सांगतो. ज्या घरात शिंपल्यातलं कधी कोणी खाल्लेलं नाही, तिथे पहिल्या वेळी एकच खावं आणि थांबावं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठावा. डब्यातला बर्फ वितळून पाणी कोमट झालं असेल, आंबूस वास येत असेल, तर किंमत न बघता टाकून द्यावं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या वर जातो, त्या दिवसांत हा हट्ट करूच नये. पावसाळ्यात खाडीत गावोगावचं सांडपाणी वाहून येतं आणि नेमका तेव्हाच आमचा श्रावण असतो. ती सुट्टी तुम्हांलाही मिळावी आणि आम्हांलाही.

पण तळण्याने सगळं भागत नाही. जंतू मरतात, पाण्यातले जड धातू आणि विषारी शेवाळाचं विष मात्र उकळत्या तेलानेही जात नाही. तुम्ही पाण्यातलं चांगलं टिपता तसं वाईटही अंगात साठवता. न्यूयॉर्कच्या बंदरात एके काळी तुमचे प्रचंड पट्टे होते. शहराची घाण पाण्यात गेली आणि १९२७ मध्ये तिथली कालवं काढणं बंद झालं. २०१४ पासून तिथे लोकांनी पुन्हा कालवं सोडायला घेतली आहेत, २०३५ पर्यंत १०० कोटी. ती कोणी खाण्यासाठी सोडलेली नाहीत. बंदर पुन्हा जिवंत व्हावं म्हणून सोडली आहेत.

हे वाचलं की मला आमची मोर्णा दिसते. जुन्या शहराला लागून वाहणारी ही नदी सांडपाणी आणि जलकुंभीने भरली तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर हातात पंजे आणि टोपल्या घेऊन तिच्यात उतरले. ती मोहीम खरी होती आणि तिची गरज संपलेली नाही. मोर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. आम्ही नदीत जे टाकतो ते शेवटी तुमच्याच दिशेने येतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आणि एक वचन. मागणं असं, की आमच्या अंतराचा राग धरू नका. जवारी, सरकी आणि धीर या तीन गोष्टी वऱ्हाडात भरपूर आहेत, तुमची अब्रू राखायला त्या पुरतील. वचन असं, की तुम्हांला विकत घेताना भाव विचारण्याआधी आम्ही खाडी विचारू, जी खाडी स्वच्छ ठेवली जाते तिथल्याच बायांना चार पैसे जास्त देऊ, आणि आमच्या दारच्या नदीत घाण सोडणाऱ्याला, तो कोणीही असो, महानगरपालिकेच्या दारापर्यंत नेऊ.

तुमचा,
मोर्णाकाठचा एक खवय्या
जुने शहर, अकोला