दोन खजिने आणि एक मोजणी

संपादकांनी विषय दिला तो 'खानदेशातला स्वातंत्र्यलढा'. फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, साने गुरुजी आणि नंदुरबारचा शिरीषकुमार यांच्यावर भर असावा, असेही कळवले. या तिन्हींवर आजवर आदराने पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्या आधीचे लिहायचे आहे. कारण गेल्या वर्षी एका स्मरणिकेचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला होता. १९४४ मध्ये चिमठाण्याजवळ लढणाऱ्यांनी घेतलेल्या सरकारी खजिन्याला त्यात चार पाने दिली होती आणि १८५७ मध्ये असाच खजिना घेणाऱ्या खाज्या नाईकांना एक ओळ : आग्रा रोडवरचा लुटारू. मी दुरुस्ती लिहून पाठवली. मजकूर होता तसाच छापला गेला. ती ओळ अजून मला सलते.

सुरुवात मात्र खाज्या नाईकांपासून नाही, शेतापासून करावी लागते. १८१८ मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. पुढची तीसेक वर्षे वसुली बरीचशी जुन्या वळणानेच चालली. बिघ्याचे माप गावागणिक बदलायचे, हिशेब पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात असायचा, साल वाईट गेले तर सूट किती ते कचेरीत गयावया करून ठरायचे. १८५२ मध्ये इथे मोजणी खाते आले. त्यांची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे पाडलेले. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. मोजून झाले की प्रतबंदी. माती काळी की तांबूस की बरड, खाली किती हात खोल, चुनखड आहे का, पाणी साचते का, हे पाहून शेताला सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रतींपैकी एक प्रत लावायची. विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी १८४७ मध्ये या पद्धतीचे नियम पक्के केले होते. हा तपशील रुक्ष वाटेल याची मला कल्पना आहे. पण आपल्या सातबाऱ्यावरचा गट नंबर ज्या सर्व्हे नंबरातून आला त्याचे मूळ इथे आहे, आणि भांडणाचेही.

डिसेंबर १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या पट्ट्यात शेतकऱ्यांचे मोठे जमाव जमले आणि त्यांनी मोजणी बंद पाडली. कलेक्टर मॅन्सफील्डने लष्कर बोलावले, पुढाऱ्यांची धरपकड झाली, साखळी पुन्हा शेतात उतरली. आजही व्याख्यानांतून एकच स्पष्टीकरण ऐकू येते : धारा वाढेल या भीतीने अडाणी लोक बिथरले. हे स्पष्टीकरण कलेक्टर कचेरीचे आहे आणि आपण ते दीडशे वर्षे पाठ म्हणत आलो आहोत. त्या काळात दख्खनच्या मोजणीत कितीतरी तालुक्यांचा धारा उलट कमी झाला होता. मग लोक का उठले? ज्या जमिनीवर बाप-आजे राबले तिची किंमत कोणी परका माती चिमटीत धरून ठरवतो, आणि ती ठरवताना शेतधन्याचा शब्द कुठेच धरला जात नाही, म्हणून उठले. माझे हे मत ठाम आहे.

अमेरिकेचे उदाहरण देतो. १७७३ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने असा कायदा केला की अमेरिकेतल्या वसाहतींत कंपनीचा चहा आधीपेक्षा स्वस्त पडावा. डिसेंबरमध्ये बोस्टनच्या लोकांनी तोच स्वस्त चहा बंदरात बुडवला. पैसे किती जातात याहून आम्हाला न विचारता कर बसवणारे तुम्ही कोण, हा त्यांचा प्रश्न होता. तो चहा याच ईस्ट इंडिया कंपनीचा होता. बोस्टनच्या त्या रात्रीला जग क्रांतीची नांदी म्हणते आणि सावदा-फैजपूरच्या शेतकऱ्यांना आपण अडाणी म्हणतो, याची मला चीड येते.

आता खाज्या नाईक. सातपुड्यातल्या भिल्लांशी सात-आठ वर्षे लढून थकल्यावर कंपनीने त्यांनाच पगारी ठेवायचे ठरवले. १८२५ मध्ये कंपनीच्या आउट्रम या अधिकाऱ्याने भिल्ल कोअर ही पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावला होते. घाटवाटांची राखण भिल्ल नाईकांकडे सोपवली. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्ता राखत होते, म्हणजे सरकारचेच माणूस. एक संशयित मारहाणीत मेला म्हणून त्यांना शिक्षा झाली, मुदतीआधी सुटका झाली, १८५७ मध्ये गरज पडताच पुन्हा नोकरीवर घेतले गेले. त्याच साली ते उलटले. नोव्हेंबरात इंदूरकडून मुंबईला निघालेला सात लाखांचा खजिना त्यांनी घाटात ताब्यात घेतला. भीमा नाईक त्यांच्या जोडीला होते. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला मोठी लढाई झाली. खाज्या नाईकांचा मुलगा तिथे पडला, पकडलेल्या कित्येकांना जागीच गोळ्या घातल्या, बायकांना कैद करून नेले. १८६० मध्ये दगा होऊन खाज्या नाईक मारले गेले.

आक्षेप ठरलेला असतो : सरकारचा पगार घेतला आणि उलटला, त्यात देश कुठे आला? जॉर्ज वॉशिंग्टनही आधी इंग्रज राजाच्या बाजूने फ्रेंचांशी लढले होते, आणि त्यांना कोणी नमकहराम म्हणत नाही. साम्राज्य आतून कसे चालते हे त्याच्या चाकरीतल्या माणसाला सगळ्यांत आधी कळते. आपल्याकडचेच पाहा. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पोलीस खात्यातली नोकरी सोडून चळवळीत आले आणि डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन उभे करण्यात ते आघाडीवर होते. नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी अधिवेशनाचे टिळकनगर सजवले होते, या गोष्टी सर्वांना पाठ आहेत. तिथे संमत झालेला शेतीविषयक कार्यक्रम मात्र फार कमी लोक वाचतात. त्यात खंड आणि शेतसारा कमी करण्याची मागणी आहे. १८५२ मध्ये जिथे लष्कर आले त्याच गावी चौऱ्याऐंशी वर्षांनी हा ठराव झाला. हा धागा जोडून दाखवणे हेच आम्हा इतिहासाच्या लोकांचे काम, आणि ते आम्ही नीट केलेले नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आणि खानदेशातल्या त्यांच्या साथीदारांनी घेतला. त्याचे स्मारक झाले, ते योग्यच झाले. पण सत्ता परकी तीच, रस्त्यावरचा सरकारी पैसाही तसाच. त्याच्या सत्याऐंशी वर्षे आधीच्या माणसाला मात्र लुटारू म्हणायचे, याला आधार एकच : आंबापाणीची हकिगत जिंकणाऱ्यांनी लिहिली आणि चिमठाण्याची लढणाऱ्यांनी स्वतः सांगितली.

सावदा, फैजपूर, यावल, एरंडोलच्या जुन्या वाड्यांत मोडीतली बाडे अजून माळ्यावर पडून आहेत. कसरीने खाल्लेली, पावसात भिजून विटेसारखी घट्ट झालेली मी पाहिली आहेत.  दिवाळीच्या साफसफाईत १८५२ च्या आसपासचा एखादा कागद हाती लागला तर कृपा करून रद्दीत घालू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात नेऊन दाखवा, आणि तेवढे जमले नाही तर निदान फोटो काढून ठेवा.