काळ मिटला की चालू आहे?

रायपुरात माझ्याकडे इंग्रजीला येणाऱ्या मुलांना तक्ता पाठ असतो: 'यस्टर्डे' आलं की साधा भूतकाळ, 'सिन्स' किंवा 'फॉर' दिसलं की 'हॅव'. तरीही वहीत सापडतं, 'आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टर्डे.' हा निष्काळजीपणा नव्हे. इथल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या मराठी घरात 'मी काल फॉर्म भरला आहे' हे वाक्य अगदी बरोबर आहे, बाहेरच्या हिंदीतही चालतं. काम कधी झालं आणि ते झालेलं आहे, हे दोन्ही आपण एका दमात सांगतो. इंग्रजीत त्याची दोन वाक्यं होतात. म्हणून मी आधी बातमी लिहायला लावते, 'आय हॅव फिल्ड द फॉर्म', आणि मग दिवस, 'आय फिल्ड इट यस्टर्डे'. एवढ्यानं बरीच गाठ सुटते.

'फॉर'च्या बाबतीत मात्र तक्ताच दगा देतो. बिंबाजी भोसल्यांनी 1758 ते 1787 रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. फळ्यावर मी लिहिते, 'बिंबाजी रूल्ड छत्तीसगढ फॉर नियरली थर्टी इयर्स.' 'फॉर' आहे, पण 'हॅज' नाही, कारण ती राजवट संपली. त्याखाली लिहिते, 'रायपूर हॅज बीन द कॅपिटल सिन्स 2000.' 1 नोव्हेंबर 2000 ला राज्य झालं आणि राजधानी अजून इथेच आहे. आपण '2000 पासून राजधानी आहे' म्हणतो, म्हणून मुलं 'इज' लिहितात. शब्द ओळखून क्रियापद ठरवू नका, तो काळ मिटला की चालू आहे ते आधी विचारा, हे मी दर वर्षी कळकळीनं सांगते.

याचा कस लागतो 'धिस मॉर्निंग'ला. सकाळच्या बॅचला 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' बरोबर, कारण तिसरा कप अजून होऊ शकतो. संध्याकाळच्या बॅचला तेच सांगायचं तर 'आय हॅड'. शब्द तेच, घड्याळ पुढे गेलेलं.

यावर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग संध्याकाळी 'टुडे' असेल तर? दिवस तर संपलेला नाही."

दोन्ही चालतं, मी म्हटलं. दिवसाचा हिशेब अजून चालू असेल तर 'हॅव', दुपारची एखादी घटना सांगायची असेल तर साधा भूतकाळ. तिनं दोन्ही वाक्यं लिहून काढली आणि प्रत्येकापुढे, ते कोण कुणाला म्हणेल, तेही लिहिलं.